सुटलेला मुद्दा

माझ्या नणंदेने अर्ध्या समाजाला भांडायला शिकवलं, असं मी चारचौघांत म्हटलं की नवरा डोळे वटारतो. "भांडायला नाही, वाद घालायला," तो म्हणतो. मला दिसलेला फरक एवढाच, की भांडणात माणसं तावातावाने उठून जातात आणि ताईंच्या वादात घंटा वाजेपर्यंत बसून राहावं लागतं.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, संस्था केली. संस्थेचं नाव 'दुसरी बाजू'. सुरुवात झाली ती एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत. खालून इस्त्रीची वाफ यायची, आणि वर ताईंच्या समोर मोजकीच माणसं बसायची, साहेबापुढे उभं राहिलं की ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे अशी. त्यात एक नर्स होती. ताईंच्या वर्गात काही महिने काढल्यावर तिने एका मोठ्या डॉक्टरला तोंडावर सांगितलं की गोळीचं प्रमाण चुकतंय, आणि ते खरोखरच चुकत होतं. ही गोष्ट हॉस्पिटलभर झाली आणि मग काय विचारता! आधी नर्सेसचा वर्ग निघाला, मग बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांचा, मग कारखान्यांत, तुरुंगात, हाउसिंग सोसायट्यांत. केस कापणाऱ्यांचा वर्ग भरदुपारी, गिऱ्हाईक नसताना, आरशांसमोरच्या फिरत्या खुर्च्यांवर भरायचा. निवृत्तांचा वर्ग बागेत. दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी नव्या गावात शाखा निघाल्याचा ताईंचा फोन यायचा, आणि आवाज असा की घरात बारसं आहे.

मी टिंगल करते, पण माणसं सुधारली हे मला नाकारता येत नाही. पूर्वी आमच्या ओळखीतली माणसं दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची. आता संपेपर्यंत थांबतात आणि मग तोडतात.

नियम सगळे ताईंचे आणि त्यात काडीचा बदल खपत नाही. बाजू आपण निवडायची नाही, चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत येईल ती बाजू जीव ओतून मांडायची, मनाला पटो वा न पटो. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही तर तो मुद्दा सुटला, म्हणजे तुम्हाला तो मान्य आहे असं धरायचं. परीक्षकाने खोलीत जे बोललं गेलं त्यावरच निकाल द्यायचा, स्वतःच्या पोटात काय आहे त्यावर नाही. निकाल फिरवायचा नाही. आणि शेवटी हरलेल्याला त्याची एक चांगली गोष्ट सांगायची, जिंकलेल्याला एक उणीव. ताईंच्या बैठकीच्या खोलीत हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय. लोक देवाची तसबीर लावतात, त्या जागेवर.

आता सासूबाई. सासरे होते तोवर सासूबाईंचं घरातलं बोलणं म्हणजे 'बरं' आणि 'वाढू का?' एवढंच. सासरे एकटेच बोलत आणि बाकीची जेवत. "आईसारखी गप्प बाई पुन्हा कुठल्या घरात राहू नये म्हणून मी हे काढलं," असं ताई प्रत्येक व्यासपीठावरून सांगत, आणि सासूबाई पहिल्या रांगेत बसून ते ऐकत. मला ते ऐकून कानकोंडं व्हायचं. सासूबाईंना काय वाटायचं, कोण जाणे.

सासरे गेल्यावर सासूबाई ताईंकडे राहायला गेल्या आणि बागेतल्या वर्गाला जाऊन बसायला लागल्या. बोलणं त्यांना कधी जमलं नाही. पण ऐकणं? जन्मभर दुसरं केलं काय होतं त्यांनी! बघता बघता त्या परीक्षक झाल्या. डोळे मिटून ऐकायच्या, आणि शेवटी निकाल असा द्यायच्या की हरलेल्यालाही मान डोलवावी लागे. मोठमोठे वकील त्यांच्यासमोर चाचरत. एकदा त्यांच्याच सोसायटीत वाद झाला, अंगणातल्या झाडाची मोठी फांदी तोडावी की नाही. त्या फांदीच्या सावलीत रोज संध्याकाळी बसणारं माणूस एकच, ते म्हणजे सासूबाई. त्यांनी निकाल दिला, तोडावी. वाचवणाऱ्यांचा एक मुद्दा सुटला होता म्हणून. दुसऱ्या दिवसापासून त्या छत्री घेऊन बसायला लागल्या. आम्ही ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगायचो.

मग त्यांचे गुडघे गेले. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ताई सदा दौऱ्यावर. आमच्या घराला लिफ्ट आहे, कारण माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणं त्याला कमीपणाचं वाटतं. तेव्हा सासूबाईंनी आता कुठे राहावं यावर बहीण-भावांचे फोन सुरू झाले.

"तुझ्याकडे आली तर तिला आराम पडेल रे," ताई म्हणायच्या.

"पण तिचं सगळं तिकडेच आहे ना गं," हा म्हणायचा.

दोघंही इतकी गोड बोलायची की साखर घालायला नको. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचे आणि मनात म्हणायचे, तिकडेच राहू देत. सासूबाई वाईट नव्हेत. त्या मला कधी उणा शब्द बोलल्या नाहीत. पण माझं घर माझ्या मनासारखं चालवायची मला सवय लागली होती, आणि कुणीतरी डोळे मिटून कोपऱ्यात बसून सगळं ऐकतंय, ही कल्पनाच नको वाटायची.

शेवटी ताईच म्हणाल्या, "असं फोनवर घोळत बसण्यापेक्षा रीतसर वाद घालू या. आपण शिकलोय कशासाठी? आणि आई आहेच परीक्षक."

नवऱ्याला ते एकदम पटलं. मलाही पटलं, हे आता सांगायला जीभ रेटत नाही. वाटलं, किती समजूतदार माणसं आहोत आपण! ना रडारड, ना मानापमान.

रविवारी सकाळी आम्ही ताईंकडे पोहोचलो. घर कसलं, गोदामच ते. घडीच्या खुर्च्यांची चळत, गुंडाळलेले फलक, नव्या शाखांची पत्रकं. त्यातून वाट काढत सासूबाई आल्या, हात भिंतीला धरत. ठेवणीतलं पातळ नेसल्या होत्या, निकालाच्या दिवशी नेसतात ते. खुर्चीत बसल्या, गुडघ्यांवर रुमाल पसरला आणि घंटा माझ्या हातात दिली.

"तू वेळ बघ. तुझ्याकडे ते घड्याळ असतंच," त्या म्हणाल्या.

मी शाळेत खेळ शिकवते. स्टॉपवॉच माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या आधी असतं. धावण्याच्या शर्यतीत माझ्या सगळ्यात लाडक्या मुलीला मी निमिषभराच्या फरकाने बाद केलंय आणि ती रडली तरी हललेले नाही. तेव्हा वेळ बघायला माझ्याइतकं योग्य माणूस त्या खोलीत दुसरं नव्हतं.

चिठ्ठ्या रिकाम्या कपात टाकल्या. नवऱ्याला आली 'आईने इथेच राहावं.' ताईंना आली 'आईने तिकडे जावं.' मला मनातून हायसं वाटलं. देवच पावला म्हटलं.

तयारीला दहा मिनिटं असतात. मी घड्याळ सुरू केलं. नवरा कागद-पेन घेऊन गॅलरीत गेला आणि पेनाचं टोपण चावत बसला. ताईंनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात टाकली आणि चहा ओतायला घेतला. "तुला साखर कमी ना गं?" मला विचारलं. मला वाटलं, एवढ्या वर्षांचा अनुभव, यांना कसली तयारी लागते!

मग ताई उभ्या राहिल्या. बोलणं त्यांचं, त्याबद्दल काय सांगावं! आधी जिना. आईचा एकेका पायरीवरचा त्रास असा उभा केला की माझेच गुडघे दुखायला लागले. मग न्हाणीघरात पाय घसरला आणि घरात कुणी नसलं तर काय, ते. मग भावाचा हक्क. मुलगी एवढी वर्षं आईजवळ राहिली, मुलाला ती संधी कधी मिळणार? आणि मग त्यांचा आवाज चढला, व्यासपीठावर चढतो तसा.

"आणि भावाच्या गावात आपली शाखा नाही. किती वर्षं मी प्रयत्न करते आहे. आईसारखी परीक्षक तिथे गेली तर वर्षभरात शाखा उभी राहील. हे नुसतं आईचं जाणं नाही, ते संस्थेचं जाणं आहे!"

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. रुमालावर ठेवलेला त्यांचा हात तेवढा एकदा हलला.

नवरा उभा राहिला. कागदावर बरंच लिहिलं होतं त्याने, पण कागदाकडे बघेचना, आईकडे बघत राहिला. "आई इथे... म्हणजे इथली माणसं तिला ओळखतात. बागेत तिची वाट बघतात. आमच्याकडे तिला कोण ओळखतं? आम्ही दोघं दिवसभर बाहेर. ती कुणाशी..." मग अडखळला. जिन्याला उत्तर दिलंच नाही. न्हाणीघर विसरला. शाखेचा मुद्दा तर त्याला ऐकूच आला नसावा. मुद्दे धडाधड सुटत होते आणि मी घड्याळाकडे बघत होते. वेळ संपत आली. संपली.

मी घंटा वाजवली नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी घड्याळाशी खोटं वागले. हात घंटेवरच होता, आणि तो मी रोखून धरला. मनात म्हणत होते, बोल रे बाबा, काहीतरी बोल, जिंक, नाहीतर उद्यापासून त्या आपल्या घरात. आणि तो बोललाही.

"आणि ताई," तो म्हणाला, "तुला एकटीला करमेल का गं आईशिवाय?"

मला वाटलं, जिंकलो! तेव्हा कुठे मी घंटा वाजवली.

ताई प्रत्युत्तराला उठल्या. सुटलेले मुद्दे एकेक करून बोटांवर मोजून दाखवले. शेवटी भावाकडे बघून हसल्या. "राहता राहिला शेवटचा प्रश्न. मला करमेल. मला कामातून मान वर करायला वेळ असतो का? आई घरात आहे की नाही, हे कित्येकदा माझ्या लक्षातही येत नाही."

मुद्दा बिनतोड होता. तो बोलून झाल्यावर ताईंनी सवयीने परीक्षकाकडे पाहिलं आणि मान झुकवली.

सासूबाईंनी डोळे उघडले. "आईने जावं," त्या म्हणाल्या. मग शांतपणे कारणं सांगितली. जिन्याला उत्तर आलं नाही, पडण्याच्या भीतीला आलं नाही, शाखेला आलं नाही. मग मुलाकडे वळल्या. "तुझी चांगली गोष्ट ही, की तू माझ्याकडे बघून बोललास." आणि ताईंना म्हणाल्या, "तुझी उणीव मी नंतर सांगते."

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ताई टाळ्या वाजवायला गेल्या, वर्गात वाजवतात तशा, आणि एकच टाळी वाजवून थांबल्या. कशासाठी टाळ्या वाजवतोय ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"आई, पण हे आपण नुसतं... म्हणजे तुला जायचं नसेल तर..."

"हे वादात कुणी म्हणालं?" सासूबाईंनी विचारलं.

ताईंनी टाळीचे हात खाली घेतले.

"मी वाट बघत होते. दोघांतलं कुणीतरी म्हणेल, की तिला विचारलंय का, तिला काय हवंय. तू म्हणशील असं वाटलं होतं, मग वाटलं तो म्हणेल. शेवटची घंटा होईपर्यंत वाट बघितली. खोलीत जे बोललंच गेलं नाही, ते मी निकालात कसं धरू?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळलं. नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताई आईच्या पायाशी जाऊन बसल्या. "मग आत्ता विचारते. सांग ना. आई, तुला काय हवंय?"

"आता निकाल झाला."

"खड्ड्यात गेला निकाल!"

सासूबाईंनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. तिथे ताईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत ताई आईच्या मागे मागे फिरत होत्या. दौरा रद्द केला, पातळांच्या घड्या घातल्या, पुन्हा मोडल्या, पुन्हा घातल्या. "राहा ना गं आई," असं किती वेळा म्हणाल्या याला गणती नाही. "ही विनंती झाली. मुद्दा नव्हे," सासूबाई म्हणाल्या. रागावून नाही, वर्गातल्या नवख्या मुलीला समजावतात तशा. जाताना जिना मात्र त्या कुणाचा हात न धरता उतरल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी, बसत-उठत. ताई एक पायरी पुढे, पाठमोऱ्या, दोन्ही हात पसरून.

बस स्टँडवर आम्ही गाडीत बसलो. सासूबाई खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी, नवरा पुढच्या बाकावर सामान सांभाळत. ताई खाली उभ्या होत्या, खिडकीच्या गजाला धरून. रडून रडून नाक लाल झालेलं.

"आई, माझी उणीव सांगितली नाहीस," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्यांना शिक्षाच हवी होती. दोन फटके बसले असते तर बरं वाटलं असतं.

सासूबाई खिडकीशी वाकल्या. "तयारीचा वेळ घेतला नाहीस तू."

"काय?"

"दहा मिनिटं होती. तो बिचारा पेन चावत बसला होता. तू चिठ्ठी उघडलीस आणि चहा ओतायला लागलीस. त्या बाजूचं सगळं तुझं तयारच होतं."

बाहेर कंडक्टर ओरडत होता, मागच्या बाकावर कुणीतरी पोराला खाऊ देत होतं, आणि ताई तोंड उघडं ठेवून उभ्या होत्या. एवढ्या लोकांना ज्यांनी बोलतं केलं त्यांना एक शब्द सुचेना. मी वाट बघितली. खरंच वाटलं, काहीतरी म्हणतील, निदान 'नाही गं' तरी म्हणतील. गाडी हलली तसा त्यांनी गज सोडला. मी मान फिरवली. दुसऱ्या माणसाची एवढी लाज बघायची नसते.

गाव मागे पडलं. मला ताईंचा मनस्वी राग आला होता आणि सासूबाईंची दया येत होती. असा राग आला की माणसाला आपण फार चांगले आहोत असं वाटायला लागतं. मी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "आई, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. आपल्या घरी तुम्हाला काही कमी पडू देणार नाही मी."

त्यांनी हात काढून घेतला नाही. बाहेर बघत होत्या.

"त्याला जास्त वेळ दिलास तू," त्या म्हणाल्या.

माझा दुसरा हात गळ्यातल्या घड्याळाकडे गेला.

"घंटा उशिरा झाली. मी मनात मोजत असते, सवयच आहे. जास्तीच्या वेळातलं मी निकालात धरलं नाही. ना त्याचा प्रश्न, ना तिचं उत्तर." मग म्हणाल्या, "पण कानांवर तर पडलंच ना. तू वेळेवर वाजवली असतीस तर ते मला ऐकावं लागलं नसतं."

पुढच्या बाकावर नवऱ्याची मान डुलत होती. माझ्या गळ्यात घड्याळ तसंच होतं. घड्याळ अडकलं होतं, म्हणता आलं असतं. लक्ष नव्हतं, नवऱ्याची कीव आली, असंही म्हणता आलं असतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या, समोरच्याला बोलायची संधी द्यायला नेहमी थांबतात तेवढ्याच.

मग त्यांनी डोळे मिटून घेतले.